चढाईपटू गोळा केले, प्रशिक्षक कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागून पदवीचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या सांगली-सातारा भागात आणखी एक भरती चालू होते. तिची जाहिरात कुठे येत नाही. पलूस, वाळवा, तासगाव, कराड, पाटण, कोरेगाव या तालुक्यांतल्या यात्रेच्या कबड्डी स्पर्धांत ज्याने उन्हाळाभर मैदान गाजवले, त्याच्या घरी महाविद्यालयांची माणसे जाऊन बसतात. फी माफ, वसतिगृह फुकट, मेस फुकट, बुटांचा एक जोड, वर हातखर्चाला काहीतरी. पोरगा प्रवेश घेतो. विभागीय स्पर्धा तोंडावर आली की जर्सी वाटल्या जातात, आठ-दहा दिवस घाईघाईने सराव होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात संघ गारद झाला की ‘पोरांत दम नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. पोरांत दम भरपूर आहे. वर्षभर त्यांच्यासोबत मैदानावर उभा राहणारा प्रशिक्षक तेवढा नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. महाविद्यालयाच्या संघाला आधी आपल्या विभागात जिंकावे लागते, मग आंतरविभागीय स्पर्धेत. तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ ठरतो, तो पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि त्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. बाद पद्धतीच्या सामन्यात एक वाईट अर्धा डाव म्हणजे संपूर्ण वर्ष वाया. पोराच्या हातात पदवीची तीन-चार वर्षे असतात, म्हणजे अशा तीन-चारच संधी. त्यातली एकेक संधी आपण आठ-दहा दिवसांच्या सरावावर लावतो.

आधी भरतीबद्दल. आपली भरती चढाईच्या मोहात अडकलेली आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, आपल्या सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून टीव्हीवर चढाया करताना दिसला आणि गावोगावच्या पोरांनी चढाईचा ध्यास घेतला. त्यात वावगे काही नाही. पण महाविद्यालयांनीही तोच चष्मा लावला. बारा जणांच्या संघात सात-आठ चढाईपटू आणि कोपरा, म्हणजे बचावफळीचे टोक, सांभाळायला एकही धड गडी नाही, अशी रचना दरवर्षी पाहायला मिळते. मग उरलेल्या चढाईपटूंनाच कोपऱ्यात उभे करतात. त्याला पकडीची सवय नसते. तो अंदाजाने झेपावतो, समोरच्याला फुकटचा गुण देतो आणि स्वतः बाहेर बसतो. सातांत दोन कोपरे, त्यांच्या शेजारी आतल्या बाजूला उभे राहणारे दोन कव्हर, दोन भरवशाचे चढाईपटू आणि दोन्ही कामे करणारा एक अष्टपैलू, एवढी जुळणी झाल्याशिवाय संघ झाला असे म्हणता येत नाही. निवड कोपऱ्यांपासून सुरू करावी, कारण चांगला कोपरा मिळायला सर्वांत अवघड आणि घडवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

दुसरी चूक म्हणजे ढाल आणि बक्षीस पाहून खेळाडू उचलणे. यात्रेच्या स्पर्धेत वजनाची अट कुठे ६५ किलोची, कुठे खुला गट. मैदान मातीचे, रात्रीचा उजेड एका बाजूने, चुन्याची रेघ पहिल्या दोन सामन्यांतच पुसलेली. तिथे ‘उत्कृष्ट चढाई’चे बक्षीस मिळवलेला पोरगा मॅटवर वेगळाच दिसू शकतो. खेळाडू पाहायचा तर वही घेऊन पाहावा. एका ओळीत एक चढाई: कोणी केली, समोर किती गडी होते, गुण आला, रिकामी गेली की पकड झाली. पाच सामने असे लिहिले की चित्र स्वच्छ होते. समजा, एकाने २० चढायांत ८ गुण आणले पण ७ वेळा पकडला गेला, आणि दुसऱ्याने ६ गुण आणले पण २ वेळाच पकडला गेला. बक्षीस पहिल्याला मिळते, संघात दुसरा हवा. पकड झाली की समोरच्याला गुण मिळतो, त्यांचा बाहेर बसलेला एक गडी जिवंत होतो आणि आपला चढाईपटू संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत बाकावर जातो. म्हणजे पहिल्याने सात वेळा संघाला आपल्याशिवाय खेळायला लावले. तिसऱ्या चढाईला, म्हणजे दोन रिकाम्या गेल्यावर गुण आणलाच पाहिजे अशा वेळी तो काय करतो, हे त्या वहीत वेगळ्या शाईने लिहावे. बचावपटूसाठीही तसेच: किती पकडी केल्या यापेक्षा किती वेळा गरज नसताना एकटाच पुढे गेला, हा आकडा जास्त बोलका असतो.

आता प्रशिक्षण. लोक विचारतात, गावाकडची पोरे लहानपणापासून खेळतात, त्यांना शिकवायचे काय? एका कोपरारक्षकाची एक चवड्याची पकड जवळून पाहिली तरी याचे उत्तर मिळते. चढाईपटू बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडण्याचा जादा गुण, घ्यायला येतो. बोनससाठी समोर किमान सहा गडी हवेत, आणि एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी त्याचे सगळे वजन एकाच पायावर असते. कोपऱ्याची वेळ तीच. त्याच्या अर्ध्या क्षण आधी झेपावला तर चढाईपटू पाय मागे घेतो आणि वाकलेल्या पाठीला सहज हात लावून परततो. अर्ध्या क्षणाने उशीर झाला तर दुसरा पाय टेकलेला असतो आणि तो उडी मारून सुटतो. उभे राहताना गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, हात गुडघ्यांच्या खाली मोकळे. पकड करताना एक पंजा टाचेच्या मागे, दुसरा चवड्यावर, आणि पाय स्वतःच्या छातीकडे ओढायचा. डोके चढाईपटूच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला. गुडघ्यासमोर डोके नेले की दात किंवा नाक गेलेच. अंग एका कुशीवर टाकायचे, म्हणजे आपले सगळे वजन त्याच्या एका पायाला लटकते. आणि एवढे सगळे बरोबर करूनही शेजारचा कव्हर त्याच क्षणी कमरेला भिडला नाही, तर ८० किलोचा गडी कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. तेव्हा दोष कोपऱ्याला मिळतो, चूक कव्हरची असते.

ही एक पकड अंगात मुरायला काय लागते? आधी चालत येणाऱ्या चढाईपटूवर, मग निम्म्या वेगावर, मग पूर्ण वेगावर. प्रत्येक वेगाला २० वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्या आठवड्यापासून कव्हर जोडीला. चौथ्या आठवड्यापासून चढाईपटूला मुभा द्यायची, की बोनसची हूल देऊन हात मार किंवा खराच बोनस घे. कोपऱ्याने ओळखायचे. एवढे झाले की कोपरा आणि कव्हर यांच्यात न बोलता समजूत तयार होते. स्पर्धेच्या आधी आठ-दहा दिवसांत हे होत नाही, कितीही नावाजलेला माणूस शिकवायला आणला तरी. पटाची पकड, कमरेची मिठी, कव्हरचा धक्का, साखळीने चढाईपटूला कोपऱ्यात दाबणे, तीन गडी उरले असता अव्वल पकडीसाठी, म्हणजे जादा गुण देणाऱ्या पकडीसाठी, कसे उभे राहायचे, हे सगळे याच पद्धतीने एकेक करून बसवावे लागते. किमान १२ आठवडे हवेत. मी १४ म्हणेन, कारण पावसाने आणि परीक्षांनी दोन आठवडे जातातच.

मॅटचा प्रश्न तर दरवर्षी आ वासून उभा राहतो. सराव मातीवर आणि सामना मॅटवर, ही आपल्याकडची सर्रास परिस्थिती. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर तो चिकटतो. वळताना पाय जमिनीला धरून राहतो, अंग फिरते आणि मधला गुडघा पिळतो. मातीवर पोरे मध्यरेषेकडे अंग घसरवत हात पोचवतात. तीच सवय मॅटवर नेली की कोपर आणि मांडी सोलवटते आणि अंतर फुटभर कमी पडते. मातीवरून आलेल्या बचावपटूंची आणखी एक चूक हमखास दिसते, ती म्हणजे झटापट सुरू होण्याआधीच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांत, पाय टाकणे. गावात रेघ पुसट असते, कोणी पाहत नाही. इथे पंच लगेच बाद देतो. एकाच डावात असे दोन गडी फुकट गेले की सगळा संघ बाद होऊन लोण चढायला वेळ लागत नाही.

पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८. एक मीटर चौरसाचे तुकडे जोडायचे तर पुरुषांच्या मैदानालाच १३० तुकडे लागतात, बाजूची मोकळी जागा वेगळी. हा खर्च एका महाविद्यालयाला जड जातो हे खरे. पण शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक संच घ्यायला आणि वारानुसार सराव वाटून घ्यायला काय अडचण आहे? एवढेही जमत नसेल तर अर्ध्या मैदानापुरते ६५ तुकडे घ्यावेत, कारण पकडीचा सगळा सराव अर्ध्यातच होतो. मॅट असलेल्या ठिकाणीही निगा नसते. खाचांत धूळ बसली की सांधे नीट जुळत नाहीत आणि मधे बोटभर फट राहते. त्या फटीत पायाचे बोट अडकून नख उपटते, कधी घोटा मुरगळतो. उन्हात ठेवलेल्या मॅटच्या कडा वळतात, पावसाळ्यात ओल्या गुंडाळून ठेवलेल्यांना बुरशी लागते. सरावाआधी कोरड्या झाडूने, मग ओल्या फडक्याने पुसणे आणि आडव्या रचून सावलीत ठेवणे, एवढेच तर करायचे. आणि बूट: रबरी पकडीच्या तळव्याचे, मॅटवरच घालायचे. तेच बूट घालून पोरे रस्त्याने पळत येतात, तळवा गुळगुळीत होतो आणि मग सामन्यात पाय सटकतो.

पळण्यावरून आठवले. पहाटे पाच किलोमीटर पळवले की तयारी झाली, हा समज अजून सुटत नाही. चढाई ३० सेकंदांची असते. २० मिनिटांचे दोन डाव धरले तर सगळी वेळ वापरूनही दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया, म्हणजे एका संघाच्या ४०. मुख्य चढाईपटूच्या वाट्याला त्यातल्या १५ ते २०. त्याला गरज आहे ती २०-३० सेकंद जीव तोडून हालचाल करण्याची, मिनिटभरात सावरण्याची आणि पुन्हा तेच करण्याची. म्हणून मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत पुढे-मागे-तिरके २५ सेकंद, मग ६५ सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. तीन मिनिटे थांबून आणखी आठ. तोंडाने दम चालू ठेवूनच, कारण धापेमुळे ‘कबड्डी’चा उच्चार तुटला तर चढाई गेली. बचावपटूंसाठी दोरावर चढणे, ओला टॉवेल पिळणे, जोर-बैठका, एका पायावर उडी मारून स्थिर उतरणे आणि मानेचे व्यायाम. आपल्या तालमींत हे सगळे पूर्वीपासून आहे. नव्याने आणायचे फार थोडे आहे.

सर्वांत मोठा घोळ वजनाचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. कुमार गटाला ७० किलोची मर्यादा आहे. बारावीपर्यंत पोरगा उपाशी राहून ६८-६९ वर स्वतःला रोखून धरतो. पदवीला आला की तो वरिष्ठांमध्ये, जिथे मर्यादा ८५ किलोची. समोर २३-२४ वर्षांचे, ८२-८३ किलोचे भरलेले गडी. पहिल्याच वर्षी त्याला मुख्य चढाईपटू म्हणून उतरवतात. तो वेगाने दोन सामने काढतो आणि तिसऱ्यात खांदा निखळतो. अशा पोराला पहिले वर्ष राखीव ठेवून सहा ते नऊ किलो कमवायला लावले पाहिजे. महिन्याला अर्धा ते पाऊण किलो, त्याहून घाई केली तर नुसती चरबी चढते आणि पाय जड होतात. जोडीला आठवड्यातून तीनदा वजने उचलणे. उलट जे ८७-८८ किलोचे आहेत, त्यांना वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, स्वेटर घालून पळवले जाते. काट्यावर ८५ भरते, पण दुपारच्या सामन्यात दुसऱ्या डावात पोटऱ्यांना गोळे येतात आणि डोळ्यांपुढे अंधारी. त्यांचे वजन सहा आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्धा किलो या हिशेबाने उतरवायचे असते.

‘मेस फुकट’ म्हणजे काय मिळते हेही पाहावे. चार चपात्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी, भात. ७५ किलोच्या, वजने उचलणाऱ्या पोराला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. सहा अंड्यांतून ३६, अर्धा लिटर दुधातून १६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, १०० ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून त्यांतून २०, दिवसभराच्या आठ चपात्यांतून २४ आणि दोन वाट्या घट्ट डाळीतून १२. झाले १२०. डबाबंद पावडरीची काही गरज नाही. आपल्या जिल्ह्यांत दूध आणि शेंगदाणा कमी आहे असे कोणी म्हणू नये. मेसवाल्याशी एकदा बसून बोलावे लागते, एवढेच. पण ते बोलणार कोण?

इथे पुन्हा प्रशिक्षकाचाच प्रश्न येतो. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद असते. अनेक ठिकाणी तेही रिकामे आहे किंवा तासिका तत्त्वावर भरलेले. जिथे आहे तिथे त्या एका माणसाने ॲथलेटिक्स, क्रिकेट, व्हॉलीबॉल, खो-खो, बुद्धिबळ, कबड्डी सगळे पाहायचे, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली भरायच्या, परीक्षेला पर्यवेक्षण करायचे आणि प्रवेशाच्या रांगा सांभाळायच्या. त्यांच्याकडून कोपरा-कव्हरच्या समजुतीची अपेक्षा ठेवणे अन्याय आहे. त्यांचे काम व्यवस्थापनाचे. कबड्डीचा प्रशिक्षक वेगळाच हवा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केलेला मिळाला तर उत्तम. नाहीतर तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला, राज्य पातळीवर बचावात खेळलेला माणूस पाहावा. असे खेळाडू आपल्याकडे पोलिसांत, एसटीत, साखर कारखान्यांत, बँकांत नोकरी करताहेत. संध्याकाळचे दोन तास, आठवड्याचे सहा दिवस ते देऊ शकतात. अट एकच घालावी: पहिले चार आठवडे त्याने एकही सराव सामना खेळवायचा नाही. पोरांना सामना आवडतो, शिकवणाऱ्यालाही तो सोपा पडतो, आणि जुन्या चुका तशाच पक्क्या होत जातात.

पैशाचे म्हणाल तर मेसचा दर महिन्याला ३ हजार धरला, तर चार खेळाडूंचे १० महिन्यांचे १ लाख २० हजार होतात. गरज नसलेले चार चढाईपटू आणले नाहीत, तर तेवढ्यात प्रशिक्षकाला सात महिने महिना १७ हजारांच्या आसपास मानधन देता येते. वसतिगृह आणि फीमाफीची रक्कम यात धरलेलीच नाही.

आणि ज्यांना आणले आहे त्यांच्याशी नीट वागावे. आज सगळी आश्वासने तोंडी असतात. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला की मेस बंद, खोली रिकामी कर. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, तुटून शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात. त्या काळात पोरगा ना खेळाडू राहतो ना विद्यार्थी, कारण हजेरी त्याची कधीच लागलेली नसते. काही ठिकाणी खेळाडू दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याची मूळ गुणपत्रिकाच अडकवून ठेवतात. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे. प्रवेश घेतानाच एक पानाचा कागद मागावा: सवलत किती वर्षांची, कोणत्या अभ्यासक्रमाला, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, सवलत चालू राहणार की नाही, स्पर्धेमुळे बुडालेल्या अंतर्गत परीक्षा केव्हा घेणार. खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. जे महाविद्यालय हा कागद द्यायला का-कू करते, तिथे पोराला घालू नये. संघातल्या बाराही जणांचा अपघात विमा महाविद्यालयानेच काढावा.

दुखापतीच्या पहिल्या तासात आपण जे करतो तेही चुकीचे. गुडघा सुजला की तेल लावून चोळतात, ओढून ‘बसवतात’. पहिले ४८ तास चोळणे पूर्ण बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी, दाबून पट्टी आणि पाय उशीवर उंच. वळताना ‘कट्’ असा आवाज आला असेल आणि काही तासांत गुडघा फुगला असेल, तर तडक अस्थिरोगतज्ज्ञ. मिरज आपल्या हाताशी आहे, तिथे दवाखान्यांना तोटा नाही. मैदानावर बर्फाचा डबा आणि क्रेप पट्टी ठेवायला मात्र कुणी जबाबदार माणूस लागतो.

मुलींच्या संघाची गत याहून वाईट आहे. तिथे भरती म्हणजे ज्या मुली वर्गात आहेत त्यांतून बारा नावे पुरी करणे. चांगल्या खेळणाऱ्या मुली तालुक्याला नाहीत असे नाही. त्यांच्या घरी कोणी जात नाही. गेले तर वडिलांशी बोलतात, आणि मुलीचे खेळणे पुष्कळदा आईच्या हातात असते. आईला तीनच गोष्टी हव्या असतात: सराव संपून शेवटची एसटी मिळणार का, बाहेरगावी सोबत बाई कोण, आणि पदवी पुरी होणार का. सराव साडेपाचला संपवला, प्रवासात महिला प्रशिक्षक किंवा प्राध्यापिका नेमली आणि वेळापत्रक छापून घरी दिले, तर दुसऱ्या वर्षानंतर घरी बसणाऱ्या निम्म्या मुली तरी टिकतील असे मला वाटते. महिलांचे मैदान लहान, निदान रेषा, म्हणजे प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागणारी रेघ, मध्यरेषेपासून तीनच मीटरवर, म्हणजे चढाईपटूला आत शिरायला जागा कमी आणि साखळीला संधी जास्त. चार चांगल्या बचावपटू मुली घडवल्या तर साधा संघही वर जातो. मुलांपेक्षा इथे कमी खर्चात जास्त फळ आहे, आणि तरीही मॅट रिकामी असेल तेव्हाच मुलींचा सराव.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांच्यासाठी ७ हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे असे कोणी म्हणत नाही. प्रवेशाच्या वेळीच प्रशिक्षकाचे नाव आणि सरावाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावावे, एवढीच मागणी आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती. विभागीय स्पर्धेची बातमी येते तेव्हा ‘अमुकच्या चौफेर चढायांपुढे प्रतिस्पर्धी निष्प्रभ’ एवढेच छापून येते. विजेत्या संघाच्या कोपऱ्यातल्या गड्याने किती पकडी केल्या, हे एका ओळीत तरी देत जावे. ती बातमी कापून ठेवणारे आणि तीच पाहून पुढच्या वर्षी खेळाडू शोधायला निघणारे बरेच जण आहेत. पंचांच्या गुणपत्रकात पकडींची नोंद असतेच. आपल्या वार्ताहराने सामना संपल्यावर ते पत्रक पाच मिनिटे मागून घ्यावे.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक
विश्रामबाग, सांगली